कोरड्या जागेवरची सरळ रेषा

यांत्रिक नौकांच्या कर्जयोजनेखाली ज्यांनी इंजिने घेतली, त्या आमच्या बहुतेक वाचकांच्या हाती संबंधित कचेरीचे नवे परिपत्रक एव्हाना पडले असेल. आणि ज्यांच्या हाती ते अद्याप पडले नसेल त्यांनी वाट पाहत न बसता आपल्या सोसायटीच्या चिटणिसाकडून त्याची नक्कल मिळवून ती वाचावी, कारण नारळी पौर्णिमेला ज्यांच्या नावा पाण्यात उतरावयाच्या आहेत त्यांचा येता हंगाम या कागदावर बराचसा अवलंबून आहे. मजकुराचा सारांश असा की, नौका किनाऱ्यावर ओढलेली असतानाच तपासनिसाने इंजिन व शाफ्ट यांची रेषा पाहावी. ती बरोबर असल्याचा शेरा तीन प्रतींत लिहून त्यावर नाखव्याची व मिस्त्रीची सही घ्यावी. हा दाखला दफ्तरी रुजू झाल्यावरच कर्जाचा अखेरचा हप्ता अदा व्हावा. आणि त्यानंतर इंजिन थरथरत असल्याची कोणाची तक्रार असेल तर ती 30 दिवसांच्या आत, सदोष सुट्या भागासह, दाखल करावी. सुटा भाग सोबत नसलेल्या तक्रारींचा विचार केला जाणार नाही, असे शेवटी ठळक अक्षरांत बजावले आहे.

हे शेवटचे कलम ज्याने लिहिले त्याच्या बाजूने एवढे म्हटले पाहिजे की, पिस्टन चिरला किंवा नोझल जळले अशा तक्रारींपुरती ही अट मुळीच वावगी नाही. एजंटाने नवा भाग द्यावयाचा तर तो जुना मागणारच. परंतु मंद गतीवर होणाऱ्या थरथरीची जी कारणे आमच्या पत्रव्यवहारात वारंवार येतात, त्यांपैकी कित्येकांना सुटा भागच नसतो. कपलिंगच्या दोन तोंडांमध्ये वरच्या अंगाला खालच्यापेक्षा अधिक फट आहे, हा दोष खरा. पण ती फट कागदात गुंडाळून कचेरीच्या मेजावर ठेवता येत नाही. आजवर ही अट तोंडी होती, आता ती लेखी झाली, एवढाच फरक. ती तोंडी असतानाच दक्षिणेकडील एका वाचकाने हेलपाट्यांना कंटाळून कपलिंगचे बोल्टच सोडून जमा केले. त्याला त्यांची रीतसर पावती मिळाली, आणि यथावकाश 'भाग तपासता निर्दोष आढळला, सबब तक्रार निकाली' असे उत्तरही आले. बोल्ट निर्दोष होते याविषयी आमच्याही मनात शंका नाही. फक्त ते परत येईपर्यंत ऐन हंगामात नाव बंदरात उभी होती, आणि परत आल्यावर पुन्हा त्याच वाकड्या रेषेत आवळले गेले.

परंतु परिपत्रकातील खरी मेख शेवटच्या कलमात नसून पहिल्यात आहे. लाकडी नौकेचे शरीर जमिनीवर एक आणि पाण्यात दुसरे असते, ही गोष्ट ज्याने एकदा तरी नाव बांधताना पाहिली आहे त्याला सांगावी लागत नाही. किनाऱ्यावर ती पठाणाखाली, म्हणजे तळाच्या कण्याखाली, सारलेल्या चार-दोन ओंडक्यांवर आणि बाजूंच्या टेकूंवर उभी असते व जिथे ओंडका नाही तिथे आपल्या भाराने किंचित वाकते. पाण्यात उतरली की तिला सर्वांगी आधार मिळतो, पण तोही सर्वत्र सारखा नसतो, कारण रुंद मध्यभागाला पाणी अधिक उचलून धरते आणि निमुळत्या पिछाडीला कमी. त्यातच महिनोन्महिने शाकारून ठेवलेल्या फळ्या पाणी पिऊन फुगतात, सांधे मिटतात, डिझेलची टाकी भरली जाते, बर्फ आणि जाळी चढतात. आणि इंजिनाची बैठक ज्या लाकडांवर बोल्टांनी आवळलेली असते ती लाकडे या साऱ्या घडामोडीत जराही हलणार नाहीत अशी अपेक्षा कोणी करू नये. म्हणूनच किनाऱ्यावरची जुळवणी ही केवळ कामचलाऊ समजावी आणि अंतिम जुळवणी नौका तरंगू लागल्यावर दोन-तीन दिवसांनी, टाकी व सामान नेहमीइतके भरून करावी, असा या धंद्यातला सर्वमान्य पाठ आहे. तो आमच्या बंदरांतील निरक्षर मिस्त्रीला ठाऊक आहे. तो ज्याला ठाऊक नाही अशा एकाच इसमाच्या सहीला मात्र कायदेशीर मोल आहे.

तपासनिसाने नाव किनाऱ्यावरच पाहण्याचा आग्रह का धरावा, याचे समाधानकारक कारण परिपत्रकात दिलेले नाही. आमचा तर्क असा की, तरंगत्या नावेवर जावयाचे तर छोटी होडी बोलवावी लागते, भरती-ओहोटीची वेळ सांभाळावी लागते आणि प्रसंगी बूट हातात घ्यावे लागतात; कोरड्या वाळूवर यांतले काहीच करावे लागत नाही. परिणाम मात्र गंभीर आहे. एकदा 'रेषा बरोबर' हा शेरा दफ्तरी गेला की पुढे पाण्यात ती कितीही ढळलेली सापडली तरी दाखला बरोबर आणि नाव चूक, असाच न्याय होतो. आणि बरोबर म्हणजे किती बरोबर, हे लिहिण्यास नमुन्यात जागाच नाही! 'आहे' आणि 'नाही' असे दोन शब्द छापले आहेत, त्यांतला एक खोडावयाचा. ज्या मोजमापात थाऊचा, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाचा, हिशोब चालतो तिथे हा नमुना होकार-नकाराने काम भागवतो. आणि छापखान्याचा खर्च मात्र तिप्पट प्रतींचा.

एवढे कचेरीविषयी. आता आमच्या वाचकबांधवांनी रागावू नये, कारण थरथरीच्या प्रकरणात त्यांची स्वतःची बाजूही फारशी धुतलेली नाही. आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत 'इंजिन स्लोवर फार हलते, उपाय कळवावा' यापलीकडे बहुधा काही नसते. किती फेऱ्यांवर हलते, गिअर घातल्यावर की मोकळे असताना, थंड असताना की तापल्यावर, नवा पंखा बसवल्यापासून की हंगामाच्या आरंभापासून, यांपैकी एकही गोष्ट लिहिण्याची तसदी घेतलेली नसते. उलट कोणकोणते भाग बदलले याची मात्र लांबलचक यादी असते. एकाने नोझले बदलली, दुसऱ्याने बैठकीखालचे रबर, तिसऱ्याने शाफ्ट. आणि ज्यांना काहीच बदलणे परवडत नाही ते स्लोचा स्क्रू आवळून इंजिनाचे फेरे वाढवतात व थरथर गेली म्हणून समाधान मानतात. ती गेलेली नसते, फक्त त्या फेऱ्यांच्या पलीकडे आपण राहू लागलेलो असतो. वाढलेल्या फेऱ्यांवर दर वेळी गिअर धाडकन पडतो, क्लच झिजतो, आणि ससून डॉकसारख्या दाटीच्या जागी, जिथे नाव माणसाच्या चालीने पुढे सरकवावी लागते, तिथे ती मंदावतच नाही. बाणकोटच्या खाडीत उथळ रेतीवरून ओहोटीच्या वेळी नाव काढणाऱ्या तांडेलाला मंद गतीचे मोल विचारावे.

ही थरथर मंद गतीवरच का जाणवते आणि वेग वाढवताच का दबते, याचा विचार केल्यावाचून तिचे कारण शोधणे म्हणजे अंधारात चाचपडणे होय. गतिचक्रात साठणारी ऊर्जा फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात असते; म्हणजे 1500 फेऱ्यांवर जे गतिचक्र एका सिलिंडरची उणीव सहज झाकते, त्याच्यापाशी 600 फेऱ्यांवर जेमतेम एक षष्ठांश ऊर्जा उरलेली असते. शिवाय मंद गतीवर प्रत्येक फवाऱ्याला तेल इतके थोडे लागते की, पंपाच्या दोन एलिमेंटांमधला जो बारीक फरक भरवेगात कोणाच्या लक्षातही येत नाही, तो इथे मोठा ठरतो. आणि पिस्टन सावकाश चढत असल्याने दाबलेल्या हवेची उष्णता भिंतींत मुरण्यास व गळक्या व्हॉल्व्हमधून दाब निसटण्यास पुरेसा अवधी मिळतो. जो सिलिंडर कसाबसा पेट घेत होता तो इथे पेट घेईनासा होतो.

आता ज्या एका गोष्टीमुळे अनुभवी कानही फसतात ती सांगतो, कारण आमच्या मते या सर्व प्रकरणाचे मर्म तिथे आहे. तीन सिलिंडरांचे चार-धावी इंजिन 600 फेऱ्यांवर चालत असता मिनिटाला 900, म्हणजे सेकंदाला 15 स्फोट होतात. त्यांतला एक सिलिंडर मेला तर त्याची उणीव दर दोन फेऱ्यांनी एकदा, म्हणजे सेकंदाला 5 वेळा जाणवते. हाच तो जड, अंग घुसळून काढणारा हेलकावा. आता गिअर बॉक्स दोनास एक प्रमाणाचा असेल, आणि आमच्या कित्येक नावांवर तो तसाच आहे, तर शाफ्टला मिनिटाला 300 फेरे पडतात. म्हणजे शाफ्ट वाकलेला असेल, पंख्याचे एक पाते मुडपले असेल किंवा त्याच्या आसाशी जाळ्याचा दोर गुंडाळला गेला असेल, तर त्याचाही हादरा सेकंदाला बरोबर 5 वेळाच येणार. मेलेला सिलिंडर आणि वाकडा पंखा हे दोघेही एकाच ठेक्यावर नाव हलवतात! डेकवर उभे राहून, तळव्याला जाणवणाऱ्या कंपावरून 'हा नोझलचा दोष' किंवा 'हा पंख्याचा दोष' असा निवाडा देणारा मिस्त्री, त्याची दाढी कितीही पिकलेली असो, या प्रमाणाच्या इंजिनावर केवळ अंदाज करीत असतो.

म्हणून पहिली परीक्षा एवढीच की, इंजिन पुरते तापवून, गिअर मोकळा ठेवून, ज्या फेऱ्यांवर थरथर येते त्याच फेऱ्यांवर ते चालवावे. इथे हाताच्या टॅकोमीटरला पर्याय नाही, कारण गिअर घालताच बोजा पडून फेरे उतरतात, आणि रबरी बैठकीवरच्या इंजिनाचे स्वतःचे डुलणे नेमके त्या खालच्या फेऱ्यांवर असू शकते. तेव्हा गिअर घातल्यावर फेरे पूर्ववत् करूनच तुलना करावी. मोकळ्या गिअरवर थरथर कायम राहिली तर शाफ्ट व पंखा यांच्या वाटेला जाऊ नये. दोष इंजिनात किंवा त्याच्या बैठकीत आहे. ती केवळ गिअर घातल्यावर आली तर बहुधा शाफ्टच्या अंगाला पाहावे. 'बहुधा' म्हणण्याचे कारण, अर्धमेला सिलिंडर कधी कधी बोजा पडेपर्यंत तग धरतो. हा संशय असेल तर गिअर घातलेला असतानाच खाली दिलेली तेलनळीची परीक्षा करावी; आणि संशय गिअर बॉक्सचा असेल तर कपलिंग सोडून, शाफ्ट मागे सारून तो पक्का बांधून ठेवावा, आणि गिअर घालून इंजिन पुन्हा चालवावे. शाफ्ट बांधण्यास विसरणाऱ्याचे सुकाणू आणि पंखा यांची भेट व्हावयास वेळ लागत नाही.

इंजिनात दोष निघाला तर एकेका सिलिंडरच्या तेलनळीचा नट पंपाच्या बाजूने किंचित सैल करावा. फेरे पडले तर तो सिलिंडर कामाचा; नट सैल करूनही इंजिनाला काही वाटले नाही तर तोच मेलेला. हे करताना उघडा हात नळीसमोर धरू नये. फवाऱ्याचा दाब दीड-दोनशे वातावरणांच्या घरात असतो, त्याचे तेल कातडी भेदून आत जाते, आणि अशा जखमेवर हळद लावून घरी बसणाऱ्याचे बोट जाते. मेलेला सिलिंडर सापडल्यावर लगेच नोझल विकत आणू नये, शेजारच्या सिलिंडरचे नोझल त्याच्याशी अदलाबदल करून पाहावे. दोष नोझलबरोबर गेला तर नोझल. जागच्या जागी राहिला तर पंपाचा एलिमेंट, व्हॉल्व्ह किंवा रिंगा. आणि सगळेच सिलिंडर आळीपाळीने चुकत असतील तर यांपैकी काहीच न उघडता आधी तेलातील हवा व पाणी काढावे. वाळूवर उभ्या ठेवलेल्या पिंपाच्या माथ्यावर पावसाचे पाणी साठते, रात्री पिंप गार पडताच ते बुचाच्या आट्यांतून आत ओढले जाते. पिंप आडवे ठेवण्यास कोणाच्या मंजुरीची जरूर नसते. तरी ती उभीच दिसतात.

शाफ्टच्या अंगाला आपण शिरलो की पुन्हा त्या रेषेवर येतो. कपलिंगचे बोल्ट काढून दोन तोंडे जवळ आणावी आणि वर, खाली व दोन्ही बाजूंना फिलर गेज घालून फट मोजावी. मोकळा शाफ्ट आपल्या भाराने लोंबतो, तेव्हा बाहेर आलेल्या भागाचे निम्मे व त्यावरील कपलिंगचे पूर्ण वजन स्प्रिंग काट्याने उचलून धरल्यावाचून केलेले माप व्यर्थ समजावे. मग शाफ्ट पाव फेरा फिरवून पुन्हा मोजावे, आणि असे चारही जागी करावे. मोठी फट शाफ्टबरोबर फिरत गेली तर शाफ्ट वाकडा किंवा कपलिंगचे तोंड तिरपे. ती एकाच जागी राहिली तर रेषा चुकलेली, आणि मग बैठकीखाली पत्रे घालण्या-काढण्याचे काम. फट किती चालते, याविषयी जुना ठोकताळा असा की, तोंडाच्या व्यासाच्या दर इंचाला एक थाऊ. म्हणजे 5 इंची कपलिंगला 5 थाऊ, सुमारे 0.13 मिलिमीटर. 1956 च्या कायद्याने वजने-मापे दशमान झाली तरी आमच्या मिस्त्रींच्या पेटीतले गेज थाऊचेच आहे, याची खंत करण्याचे कारण नाही: इंचाला एक थाऊ काय किंवा 100 मिलिमीटरला 0.1 मिलिमीटर काय, प्रमाण हजारास एकच. कचेरीने हा एक आकडा नमुन्यात छापला असता तरी आम्ही तिचे आभार मानले असते.

काही थरथर दोषांत मोडत नाही, हेही सांगून ठेवतो. शिडावर चालताना पंख्याचा अडथळा कमी व्हावा म्हणून ज्यांनी दोन पात्यांचा पंखा बसवला आहे, त्यांच्या नावेत पिछाडीच्या उभ्या लाकडाच्या मागे दोन्ही पाती एकाच वेळी येतात आणि दर फेऱ्याला दोन ठोके देतात. म्हणजे वरच्याच हिशोबाने सेकंदाला 10. इतक्या जलद ठोक्याची थरथर मोकळ्या गिअरवर नसेल, रेषा मापात असेल आणि पंखा स्वच्छ असेल, तर ती सोसावी किंवा तीन पात्यांचा पंखा घेऊन शिडाच्या वेगातली घट सोसावी. 1958 च्या मर्चंट शिपिंग अ‍ॅक्टाच्या व्याख्येप्रमाणे, केवळ शिडावर चालण्याइतके शीड जिच्यावर आहे ती नौका इंजिन बसवले तरी शिडाचीच नौका राहते. कायदा शीड विसरला नाही, कर्जयोजनेच्या नमुन्यात मात्र शिडाचा उल्लेखही नाही.

आता वादविवाद पुरे. नाखवा आणि तांडेल बंधूंनो, नावा अजून शाकारलेल्या आहेत आणि तपासनीस अजून आलेला नाही, एवढा अवधी तुमच्या हाती आहे. तुमच्या सोसायटीने वर्गणीतून एक फिलर गेज, एक स्प्रिंग काटा आणि एक हाताचा टॅकोमीटर या पावसाळ्यातच घ्यावा. तिन्ही मिळून खर्चाचा फारसा बोजा होणार नाही, आणि ज्या सोसायटीला सत्कारासाठी शालजोड्या परवडतात तिला हे परवडत नाही, असे आम्ही ऐकून घेणार नाही. प्रत्येक नावेवर एक वही ठेवा, तीत थरथरीचे फेरे, गिअरची स्थिती, चारही जागच्या फटी आणि तारीख टिपा. इंजिनचालकाला लिहिता येत नसेल तर शाळेत जाणारा मुलगा लिहिण्यास बसवा.

आणि दाखल्यावर सही करताना 'आहे' व 'नाही' यांतला कोणताही शब्द खोडू नका. त्यांच्यापुढे कोऱ्या जागी स्वच्छ अक्षरांत 'किनाऱ्यावरची फट' असे लिहून चारही आकडे भरा, खाली 'पाण्यात उतरल्यावर पुनर्तपासणी व्हावी, तोवर रेषेची हमी नाही' असा शेरा द्या, आणि मगच सही करा. तपासनीस असा दाखला स्वीकारण्यास नकार देईल. तो नकार त्याच्याकडून लेखी मागा. लेखी नकार न मिळाल्यास दोन साक्षीदारांची नावे घालून त्याच दिवशी रजिस्टर टपालाने दाखला कचेरीकडे धाडा आणि पोच जपून ठेवा. तिसऱ्या प्रतीची एक नक्कल आमच्याकडे पाठवा. नारळी पौर्णिमेपूर्वी आलेल्या सर्व नकला एकत्र बांधून आम्ही त्या मत्स्योद्योगाच्या वरिष्ठ अंमलदारांपुढे समक्ष ठेवणार आहोत, आणि त्यांना बंदरात उभ्या असलेल्या एखाद्या तरंगत्या नावेवर येण्याची विनंतीही करणार आहोत. छोट्या होडीची व्यवस्था आमच्याकडे लागली.